टाके मोजतो, तास का मोजत नाही?

(घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)

मैत्रिणींनो,

आधी हा ससा हातोहात फिरू दे. पार मागच्या सतरंजीपर्यंत जाऊ दे. मी बोलायला लागले की तुमचं लक्ष त्याच्याकडेच जाणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तो आधीच बघून घ्या.

पुढच्या बायकांच्या तोंडून काय आलं, ऐकलंत? एक म्हणाली, "अगंबाई, परकर-पोलकं घातलंय!" दुसरी म्हणाली, "गजरा बघ, गजरा!" आणि तिसरीनं विचारलं, "केवढ्याला?" हा ससा कुठेही नेला तरी हेच होतं. पण "याला वेळ किती लागला?" असं आजवर कोणी विचारलेलं नाही, ना बाईनं, ना पुरुषानं. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? पाच वर्षं हे काम करताना मीही स्वतःला तो प्रश्न विचारला नव्हता. आज मला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

ज्यांना क्रोशाचं काम येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्यांना येतं त्यांनी कंटाळू नका, कारण पुढचा हिशेब यातूनच निघणार आहे.

क्रोशाची सुई म्हणजे टोकाला आकडी असलेली एकच सुई. शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थच लहानशी आकडी. आपल्या आया-मावश्यांनी याच सुईनं तोरणं केली, ताटावरचे रुमाल केले, बाळंतविड्यातली टोपडी आणि मोजे केले. खेळण्याची विण मात्र गोल गोल फिरत जाते. जपानमध्ये अशा खेळण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. 'अमि' म्हणजे विणणं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत काही भरलेलं खेळणं, या दोन्हींचा तो जोडशब्द. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही तऱ्हा जगभर गेली, आपल्याकडेही आली.

सशाचं डोकं असं सुरू होतं. दोऱ्याचा सरकता फास करायचा आणि त्यात सहा मुके खांब घालायचे. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा बाहेर काढायचा, सुईवर दोन टाके आले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम ओढायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एक सोडून एक वाढवायचा, अठरा. मग चोवीस, तीस, छत्तीस. इथे वाढवणं थांबतं. छत्तीसच्या आणखी आठ फेऱ्या सरळ. मग घटवायला लागायचं : तीस, चोवीस, अठरा, बारा, सहा. तोंड बंद व्हायच्या आधी आत उशीत भरतात तो फायबरचा कापूस ठासून भरायचा. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो.

आता बेरीज करा. वाढवण्याच्या फेऱ्यांचे टाके १२६, सरळ फेऱ्यांचे २८८, घटवण्याचे ९०. एका डोक्याचे ५०४ टाके. आणि हे सगळे मोजायचे. एक टाका चुकला तर पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर डोकं एका बाजूला कलतं, आणि मग तिथपर्यंत उसवण्यावाचून इलाज नाही. कुकरची तिसरी शिट्टी आणि तेविसावा टाका एकाच वेळी मोजणं काय असतं, ते इथे बसलेल्या बऱ्याच जणींना माहीत आहे.

धडाचे ४२०. दोन कानांचे २७६. दोन हातांचे २५२, दोन पायांचे ३७२. मी मांडते त्या नमुन्यात ससा तयार होईपर्यंत १८२४ टाके होतात. त्यातून सुई दोऱ्याच्या मानानं बारीक घ्यावी लागते, विण घट्ट व्हावी लागते, नाहीतर फटींतून आतलं फायबर दिसतं. घट्ट विणीत सुई घालायला जोर लागतो. तासाभरात अंगठा दुखायला लागतो, मग मनगट, मग मान.

एवढं झाल्यावर ससा उघडाच असतो. आता त्याचे कपडे.

परकराच्या कमरेला ३६ टाके. मग घेर यावा म्हणून दुप्पट, ७२, आणि ७२ च्या सहा ओळी. शेवटी झालर पडावी म्हणून पुन्हा दुप्पट, १४४. त्यावर जरीच्या दोऱ्याचा काठ, आणखी १४४. एका परकराचे झाले ७५६. पोलक्याचे २६४. म्हणजे कपड्यांचे १०२० टाके, गजऱ्याच्या गाठी वेगळ्या. शिवाय परकराला मुका खांब चालत नाही, लांब खांब लागतो, म्हणजे सुईवर दोऱ्याचा आधी एक वेढा आणि दोनदा ओढणं. जरीचा दोरा सुईवरून घसरतो, त्याचे पदर सुटतात. ससा करताना हात सरावानं चालतो, काठ करताना जीव डोळ्यांत येतो.

आणखी एक सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी लहान मुलांसाठी करतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात खेळणं जाणार असेल तर त्याला मणी, टिकली, मोती, बटण काही लावू नका. मूल ते उपटून तोंडात घालतं, घशात अडकतं. डोळेसुद्धा दोऱ्यानं भरा. प्लास्टिकचा डोळा मिनिटात बसतो, दोऱ्याचे दोन डोळे सारखे भरायला पंधरा-वीस मिनिटं जातात. ती वीस मिनिटंही आपलीच असतात, हे लक्षात असू द्या.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला फारसं आवडत नाही, पण त्याशिवाय बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

मोठ्या शहरातल्या एका दुकानाची आम्हाला दिवाळीसाठी चाळीस सशांची ऑर्डर मिळाली. दोरा, फायबर त्यांचं, काम आमचं. ऑर्डर मी आणली होती, म्हणून सामान आणणं, वाटणं, माल गोळा करून पाठवणं हे मी करायचं. दुकान एका सशामागे १८० रुपये देणार. त्यातले १० मी ठेवायचे, १७० करणारणीला. त्या १७० मध्ये १५० सशाचे आणि २० "ड्रेसचे". हा दर दुकानदारानं सांगितला आणि मी मान्य केला. घासाघीससुद्धा केली नाही. उलट गल्लीत येऊन बायकांना म्हणाले, "फावल्या वेळात होऊन जाईल गं." हे वाक्य दुकानदाराचं नव्हे, माझं. बाराजणींना मी ते बारा वेळा म्हटलं.

चाळीसांपैकी अकरा ससे परत आले. कारण काय, तर काठाची जर वेगळी दिसते. जर त्यांनीच पाठवली होती, दोन वेगवेगळ्या खेपांना. अकरांचे पैसे तर कापलेच, वर त्यांना लागलेल्या दोऱ्याचेही कापले. मी फोन केला तर म्हणाले, "वहिनी, लिहून काही दिलं होतं का आम्ही?" नव्हतंच दिलं. माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

त्या अकरांपैकी तीन ससे आमच्या पलीकडच्या खोलीतल्या एका बाईचे होते. तिला सांगायला जाताना माझे पाय उचलत नव्हते. वाटलं, ही आता भांडणार. ती भांडली नाही. म्हणाली, "जाऊ द्या ताई. फावल्या वेळातच तर केले होते."

माझेच शब्द मला परत मिळाले. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ आणि वही समोर ठेवली आणि एक ससा केला. सुई उचलली की वेळ लिहायची, खाली ठेवली की लिहायची. ससा विणायला चार तास. भरणं, अवयव जोडणं, डोळे-नाक यांना दीड तास. कपड्यांना तीन तास. एकूण साडेआठ तास. म्हणजे तिच्या तीन सशांचे साडेपंचवीस तास "जाऊ द्या" मध्ये गेले.

१७० भागिले साडेआठ. तासाला २० रुपये. मग मी कपड्यांचा हिशेब वेगळा केला. तीन तासांचे २० रुपये. तासाला सात रुपयेसुद्धा नाहीत! आणि दुकानात तोच ससा मी नंतर पाहिला. कपाटात पुढे मांडलेला, गळ्यात 'हातानं विणलेला' अशी चिठ्ठी, किंमत ९५०. उघडा ससा तिथे एकही नव्हता. गिऱ्हाईक कपडे बघून घेतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या कामावर माल विकला जात होता, त्याच कामाचा दर सगळ्यात कमी होता. का? तर 'सजावट' म्हणून. बायका हौसेनं करतातच की!

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. ते साडेआठ तास चार दिवसांत पसरले होते. सकाळी अकरा ते सव्वाबारा. दुपारी मुलं शाळेतून यायच्या आधी तासभर. बाकीचं रात्री दहानंतर. ती वही वाचून मला कळलं की माझ्या दिवसात फावला वेळ नावाची वस्तूच नाही. मी झोपेतून वेळ काढत होते आणि त्याला फावला म्हणत होते.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्या गल्लीचं दुखणं असतं तर मी इथे उभी राहिले नसते. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा परदेशी व्यापार वाढला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून त्या बायकांचा अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना काय दिसलं? बायका तासन्तास विणत होत्या, त्यांची लेस दूरदेशी विकली जात होती, व्यापार पुरुषांच्या हाती होता आणि विणणाऱ्या बायकांना सगळे गृहिणीच म्हणत होते. कामगार म्हणून त्यांची कुठे नोंद नव्हती. मीस बाईंनी याला 'गृहिणीकरण' म्हटलं. बाई घरात बसून विणते म्हणून तिचं काम म्हणजे रिकामपणचा उद्योग, आणि उद्योग रिकामपणचा म्हणून त्याला पोटापुरताही दर द्यायला नको. एकदा बाईला गृहिणी ठरवलं की तिची मजुरी आपोआप स्वस्त होते.

त्याही मागे जाऊ. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. त्या काळात मठांमधल्या नन आणि धर्मगुरूंच्या बायका यांनी गरीब घरांतल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स या गावी कॅसँड्रा हँड या बाईंनी १८४७ मध्ये असं काम सुरू केलं. त्या कामावर उपाशी घरांना आधार मिळाला, हे नाकारण्याचं कारण नाही. पण बघा, क्रोशाची सुई पुन्हा पुन्हा बाईच्या हाती केव्हा येते? घरात दुसरं काही उरत नाही तेव्हा. अडलेली बाई दर विचारत नाही, हे देणाऱ्याला कळतं.

आणि एक गोष्ट तर प्रत्येकीनं गाठीला बांधून ठेवावी. स्वेटर विणायची यंत्रं आहेत, लेस करायची यंत्रं आहेत. पण खरं क्रोशे विणून माल काढणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. म्हणजे तुम्हाला कुठेही, कितीही स्वस्त, अगदी जत्रेतल्या पाटीवरसुद्धा क्रोशाचं खेळणं दिसलं, तर ते कोणाच्या तरी हातानं टाका टाका करून विणलेलं आहे. ते स्वस्त असेल तर यंत्रामुळे नव्हे. कोणाचे तरी तास मोजलेले नाहीत म्हणून ते स्वस्त आहे.

आता कायद्याचं. विड्या वळणाऱ्या बाया सोलापूरला, सिन्नरला घरीच काम करत आल्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगारांच्या कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. त्यासाठी संघटनांना झगडावं लागलं, पण मानलं. विणणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या बाईच्या वाट्याला ते आलं नाही. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला 'सेवा' ही संघटना उभी केली, आणि घरी काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी पार जिनिव्हापर्यंत नेला. १९९६ च्या जून महिन्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांविषयी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. इथे घरकामगार म्हणजे लोकांच्या घरची धुणीभांडी करणारी नव्हे, आपल्या घरी बसून दुसऱ्याचा माल तयार करणारी. सामान कोणी दिलं याला महत्त्व नाही, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे मोबदल्यासाठी माल करते, तर ती कामगार.

त्या कराराबरोबर १८४ क्रमांकाची शिफारस आहे. ती मी वाचली तेव्हा वाटलं, आमच्याच गल्लीत बसून लिहिली की काय! त्यात म्हटलंय की कामाच्या अटी बाईला लेखी कळवाव्यात. वीज-पाण्याचा खर्च भरून द्यावा. सामान निवडणं, सोडणं, बांधणं यांत जाणाऱ्या वेळाचेही पैसे द्यावेत. माल खराब म्हणून कापाकापी करायची तर तिचे नियम आधी ठरलेले असावेत, आणि विनाकारण कापता कामा नये. पैसे माल देताना किंवा फार तर महिन्याच्या आत मिळावेत. आमचे अकरा ससे यातल्या एकाच कलमानं वाचले असते.

भारतानं या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्यांची व्याख्या आली आहे. ई-श्रमवर नाव नोंदवता येतं, ते जरूर नोंदवा. पण व्याख्या मिळाली म्हणजे दर मिळाला असं होत नाही.

मग आम्ही काय केलं? पाचजणींनी घड्याळ लावून तोच ससा केला. सगळ्यात कमी सव्वासात तास लागले, सगळ्यात जास्त अकरा. ज्या बाईला अकरा लागले ती लाजत होती. तिला आम्ही म्हटलं, तुझ्या घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दर दहा मिनिटांनी तू उठतेस आणि आल्यावर पुन्हा पहिल्यापासून फेरी मोजतेस. तो वेळही खराच आहे.

ती पाच पानं घेऊन आम्ही चौघी दुकानात गेलो. एकटी मी गेले असते तर चहा पिऊन परत आले असते. चौघींना बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या, त्याचाच बहुधा परिणाम झाला. आता सशाचे २०० आणि कपड्यांचे वेगळे ७० मिळतात. मंजूर नमुना एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, दोन्हींवर सह्या. सामान त्यांचं असेल तर सामानातला दोष आमच्या माथी नाही, हे लिहून घेतलं. अकरा सशांचे पैसे मात्र दिले नाहीत ते नाहीतच. ते ससे आम्ही फोनवर फोटो पाठवून ओळखीत विकले आणि पैसे ज्यांचे त्यांना दिले.

हा विजय झाला असं मी म्हणणार नाही. २७० भागिले साडेआठ करा, तासाला ३२ रुपयेही होत नाहीत. तुमच्या भागातला किमान वेतनाचा रोजचा दर काढा, आठनं भागा आणि शेजारी ठेवून बघा. शिवाय आमच्यातल्या तिघी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जुन्याच दरात काम करू लागल्या. सुरुवातीला मला राग आला. पण एकीचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. तिला मी कोणत्या तोंडानं म्हणू की थांब? तिघींशी आमचं बोलणं चालू आहे. त्या व्यापाऱ्याकडेही एक दिवस चौघी जातील आणि त्यांत ती असेल, अशी मला आशा आहे.

माझ्या दहा रुपयांचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. बैठकीत तेही कोणीतरी विचारलं, आणि विचारलं ते बरं झालं. आता सामान आणण्या-वाटण्याच्या तासांचीही वहीत नोंद होते, सगळ्याजणी ती बघतात, आणि ते काम पाळीपाळीनं करतात.

तुमच्याकडे माझं मागणं लहानसं आहे. घरी गेल्यावर एक वस्तू घड्याळ लावून करा. ससा असो, तोरण असो, बाळकृष्णाचा अंगरखा असो. सजावटीचा वेळ वेगळा लिहा. मुलीनं दोऱ्याचा गुंडा करून दिला, कान जोडून दिले, तर तिचाही वेळ लिहा, आणि तिच्या अभ्यासातला किती गेला तेही लिहा. नमुना आणि दर लिहून घेतल्याशिवाय सामान घरी आणू नका. दर ठरवायला एकटीनं जाऊ नका. ज्या थेट विकतात त्यांनी ओळखीच्या बाईला भिडेखातर दर पाडून देऊ नये, आणि विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे आपणच सगळ्या, "एवढे कशाला?" म्हणण्याआधी "किती तास?" एवढं विचारावं. संघटनेच्या कार्यकर्त्या इथे आहेत, त्यांना विनंती की ही पानं गोळा करा. एका बाईच्या वहीला दुकानदार हसतो. शंभर वह्यांना हसणं त्याला जड जाईल, आणि मागणी घेऊन सरकारकडे जायचं तर हातात काहीतरी लागतंच.

मला हे काम आवडतं, हेही सांगून टाकते. सहा टाक्यांतून डोकं उगवताना बघणं, परकराला घेर येताना बघणं, यात सुख आहे. पण काम आवडतं म्हणून ते फुकट करायचं, हा नियम फक्त बायकांनाच का?

ससा कुठे पोचला? तो पुढे पाठवा बरं. गजरा ओढू नका, कच्च्या टाक्यावर आहे. उद्या द्यायचा आहे तो, आणि त्याचे साडेआठ तास वहीत लिहिलेले आहेत.